रक्त साफ, पण सातबाऱ्यावर नाव तसंच

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी सिंहगड रस्त्याला राहते आणि शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. माझा धाकटा दीर, वय ३१, चाकणला कंपनीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला महिनाभर जुलाब लागले, मानेला गाठी आल्या, वजन ९ किलो उतरलं. तपासणीत एचआयव्ही निघाला. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १३८ होतं. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या आणि तो खरंच उभा राहिला. आता सीडी फोर ५१२ आहे आणि व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातले विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) असं येतं. हाच कागद दाखवून तो म्हणतो, ‘वहिनी, रक्त साफ झालं, आता गोळ्या कशाला?’ गावाकडच्या कुणीतरी रक्तशुद्धीची पूड दिली आहे, ती घेतो. गोळ्या थांबवून आज अकरा दिवस झाले. सासूबाईंनी त्याचं ताट-तांब्या अजून वेगळं ठेवलं आहे. माझी चार वर्षांची मुलगी मात्र काकाला सोडत नाही. त्याला ओरडून उपयोग नाही, पटलं पाहिजे. रक्तात नाही तर हा विषाणू असतो कुठे? पेशीत शिरतो म्हणजे नेमकं काय करतो? मला नीट समजलं तर मी त्याला समजावीन. – एक वहिनी

उत्तर :

ताई,

पत्र काल रात्री वाचलं आणि ‘अकरा दिवस’ या शब्दांपाशी थांबले. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत वाट बघण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून ‘उद्या सकाळीच त्याला केंद्रावर घेऊन जा’ एवढं तुम्हाला आधीच कळवलं आहे. का, ते आता सविस्तर सांगते. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा मीही हात आखडता घेत नाही.

आधी त्याच्या बाजूने एक बोलते. तो वेडेपणा करत नाहीये. त्याच्या हातातला कागद खरा आहे, आणि तो कागद त्याने कमावलेला आहे. तीन वर्षं रोज गोळी घेणं ही सोपी गोष्ट नाही. हे त्याला आधी म्हणा, मनापासून म्हणा. चूक एवढीच झाली आहे की रक्ताच्या तपासणीवरून त्याने सगळ्या शरीराचा निकाल लावला.

लहानपणी पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण यायचं, आठवतं? आजी हळद-चुन्याचा लेप लावायची. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, असं का? तर तिथे लसिका ग्रंथी असते, लिम्फ नोड. पायाकडून येणारा पातळ स्राव तिच्यातून गाळून पुढे जातो, आणि आत पांढऱ्या पेशींची छावणी पडलेली असते. काट्यासोबत आलेल्या जंतूंची लढाई तिथे होते, म्हणून ती सुजते. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा शेकडो ग्रंथी आहेत. शिवाय टॉन्सिल आहेत, प्लीहा आहे, आणि आतड्याच्या अस्तरात तर या पेशींची भली मोठी वस्ती आहे. शरीरातल्या या सगळ्या पांढऱ्या पेशींपैकी, म्हणजे लिम्फोसाइटपैकी, एका वेळी रक्तात असतात त्या शंभरात जेमतेम दोन. बाकीच्या अठ्ठ्याण्णव या वस्त्यांमध्ये, म्हणजे उतींमध्ये.

रक्त हा रस्ता आहे, ताई. पहाटे तीन वाजता स्वारगेटच्या चौकात उभं राहून माणसं मोजली, कुणीच दिसलं नाही, म्हणून पुण्यात माणसं राहत नाहीत असं कुणी म्हणेल का? माणसं आपापल्या पेठेत, आपापल्या घरात झोपलेली असतात. तुमच्या दिराने चौक मोजला आहे.

या विषाणूचा शोधसुद्धा गाठीतच लागला. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतून काढलेली गाठ आणली गेली. तिच्यातल्या पेशी वाढवल्यावर फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाला त्यात नवा विषाणू सापडला. त्यासाठी त्या दोघांना २००८ साली नोबेल मिळालं. तुमच्या दिराच्या मानेला आलेल्या गाठी म्हणजे तीच जागा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो पेशीत शिरतो म्हणजे काय करतो.

विषाणू शरीरात येतो तो बहुतेकदा शरीरसंबंधातून, नाजूक अस्तरातून. त्या अस्तरात लांब हातांच्या पहारेकरी पेशी असतात, डेंड्रायटिक पेशी. अनोळखी काही दिसलं की ते धरायचं आणि जवळच्या ग्रंथीत नेऊन टी पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) दाखवायचं, हे त्यांचं काम. एरवी हे उत्तम काम आहे. पण या विषाणूच्या बाबतीत असं होतं, की चोराला धरून चावडीवर नेलं, आणि त्याला ज्या घरांत शिरायचं होतं ती सगळी घरं चावडीच्याच भोवती होती. पहारेकरी पेशी आणि टी पेशी जिथे एकमेकींना चिकटतात, तिथेच विषाणू हातोहात पलीकडे जातो. काही दिवसांतच तो ग्रंथीत पोचतो, आणि रक्ताच्या तपासणीत दिसायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून रक्त मागे असतं आणि उती पुढे.

ज्या पेशींना तो धरतो, त्यांच्या अंगावर सीडी फोर नावाचं प्रथिन असतं. रिपोर्टवरचा सीडी फोरचा आकडा म्हणजे याच पेशी. पण नुसत्या सीडी फोरने दार उघडत नाही. बँकेतलं लॉकर कसं दोन किल्ल्यांनी उघडतं, तसं आहे हे. विषाणूच्या अंगावरचं जीपी १२० हे प्रथिन आधी सीडी फोरला धरतं. धरलं की त्याचा आकार बदलतो आणि दुसरी किल्ली बसायची जागा उघडी पडते. ही दुसरी किल्ली बसते सीसीआर फाइव्ह नावाच्या प्रथिनावर (कधी कधी सीएक्ससीआर फोरवर). मग विषाणूचंच जीपी ४१ नावाचं दुसरं प्रथिन भाल्यासारखं पेशीच्या पडद्यात रुततं आणि दोन्ही पडदे ओढून एक करतं. विषाणूचा ऐवज आत.

आत गेल्यावर तो उलटी गंगा वाहवतो. आपण मुलांना शिकवतो की मूळ पोथी डीएनएची आणि तिच्यावरून आरएनएची नक्कल. याचा मजकूर आरएनएमध्ये असतो, आणि सोबत आणलेल्या विकराने (एन्झाइमने) तो त्यावरून डीएनए लिहून काढतो. असं उलटं लिहिता येतं हे १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दाखवलं, तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने मला बरीच वर्षं छळलं. रुग्णांच्या सीडी फोर पेशी भराभर मरायच्या, पण ग्रंथींमध्ये बघावं तर प्रत्यक्ष विषाणू बनवणाऱ्या पेशी थोड्याच असायच्या. मग बाकीच्यांना मारत होतं कोण? याचं मोठं उत्तर २०१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतून आलं. वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसांच्या टॉन्सिलची ऊती प्रयोगशाळेत जिवंत ठेवली आणि तिच्यात विषाणू सोडला. मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी विषाणू बनवतच नव्हत्या. त्या विश्रांती घेत असलेल्या पेशी होत्या. विषाणू आत शिरला, नक्कल सुरू झाली, आणि अर्ध्यातच अडकली, कारण झोपलेल्या पेशीत त्याला लागणारा माल पुरेसा नसतो. ते अर्धवट लिहिलेलं डीएनए पेशीच्या आतल्या पहाऱ्याला कळतं. मग पेशी धोक्याची घंटा वाजवते आणि स्वतःला पेटवून फुटते. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात, त्यातल्या ‘पायरो’चा अर्थ आग. फुटलेल्या पेशीतून दाहाची रसायनं बाहेर सांडतात, त्या वासावर आणखी टी पेशी मदतीला धावून येतात, आणि त्या गर्दीतूनच पुढच्या मरतात. ग्रंथीत पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की एकीकडून दुसरीकडे विषाणू जायला अंतरच नसतं. रक्तात एकेकट्या वाहणाऱ्या पेशींवर हे असं घडत नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा उतींवर येते आहे.

आतड्यात तर पहिल्या काही आठवड्यांतच फार मोठी पडझड होते, कारण सीसीआर फाइव्ह असलेल्या पेशी तिथे भरपूर. राखण उठली की एरवी बिचारे वाटणारे जंतूही माजतात, अस्तर झिरपायला लागतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि सगळी प्रतिकारशक्ती कायम तापलेली राहते. त्याचे महिनाभराचे जुलाब आणि उतरलेले ९ किलो आठवा.

सुरुवातीच्या काळात मी विद्यार्थ्यांना लसिका ग्रंथीच्या दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. पहिली निरोगी. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की गर्द जांभळ्या कडेचे, मधे फिकट असे गोल ओळीने मांडलेले दिसतात. या गोलांमध्ये प्रतिपिंडं बनवायचं शिक्षण चालतं. दुसरी स्लाइड उपचाराविना शेवटच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णाची. त्यात गोल नाहीत. जांभळा रंग विरलेला, आणि त्याच्या जागी गुलाबी तंतूंचे पट्टे, जखम भरल्यावर व्रण राहतो तसे. एखादं पोर न विचारता म्हणायचं, ‘मॅडम, इथे तर काहीच नाहीये.’ मला दर वेळी पोटात कालवायचं. ग्रंथीत असे व्रण पडले की पेशींना राहायला, जगायला जागाच उरत नाही, आणि नंतर औषधं घेऊनही सीडी फोर हळूहळूच चढतं. तुमचा दीर १३८ वरून ५१२ वर आला, म्हणजे त्याच्या ग्रंथींनी बरंच सावरलं. ते सावरलेलं आता पणाला लागलं आहे.

आता मुद्द्याचं. तो गावचा आहे, तेव्हा सातबारा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

लिहून झालेलं डीएनए घेऊन विषाणू पेशीच्या केंद्रकात जातो, आणि इंटिग्रेज नावाच्या विकराने ते आपल्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. घरात कुणी पाहुणा म्हणून राहिला तर आज ना उद्या जातो. पण तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं तर? मग तो पाहुणा राहत नाही, हिस्सेदार होतो. पेशीच्या दोन पेशी झाल्या तर दोन्ही सातबाऱ्यांवर त्याचं नाव. बहुतेक पेशी असं नाव लागल्यावर विषाणूचा कारखाना बनतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. उपचार नसताना अशा कारखान्यांतून रोज काही अब्ज विषाणू बाहेर पडतात. पण थोड्या पेशी नाव लागल्यावर झोपी जातात. या स्मृतिपेशी. लहानपणी झालेला गोवर पन्नास वर्षांनीही ओळखता यावा म्हणून शरीराने या पेशींना दीर्घ आयुष्य दिलेलं असतं. विषाणू त्याच दीर्घायुष्यात लपतो. तो तिथे काही बनवत नाही, काही बाहेर टाकत नाही. आपल्या मारेकरी पेशींना त्या पेशीत वावगं काही दिसत नाही. व्हायरल लोडच्या तपासणीत तो येत नाही, कारण ती तपासणी रक्तात तरंगणारे विषाणू मोजते, सातबारे वाचत नाही.

त्याची गोळी बहुधा तिन्ही औषधं एकत्र असलेली असेल : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्यूटेग्राव्हिर. पहिली दोन नक्कल लिहिणाऱ्या विकराच्या हातात खोटी अक्षरं देतात, त्यामुळे लिखाण तिथेच तुटतं. तिसरं औषध फेरफार होऊ देत नाही. म्हणजे नवीन पेशी वाचतात. झोपलेल्या पेशींपैकी एखादी रोज कुठे ना कुठे जागी होते, थोडे विषाणू बाहेर टाकते, पण त्यांना पुढचं घर मिळत नाही आणि ते विरून जातात. कागदावरचं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ हे याचं फळ. मात्र आधी लागलेली नावं खोडण्याचं काम या तीनपैकी एकाही औषधाकडे नाही. जगात आज ते काम करणारी गोळी नाही. बर्लिनच्या टिमोथी ब्राउनचं उदाहरण तो कदाचित इंटरनेटवर वाचेल. त्याला रक्ताचा कर्करोग होता, त्यासाठी ज्याच्या पेशींवर सीसीआर फाइव्ह नाही अशा दात्याच्या मूळ पेशी (स्टेम सेल) दिल्या, आणि तो एचआयव्हीमुक्त झाला. पण त्या उपचारातच माणूस दगावू शकतो, म्हणून तो एचआयव्हीसाठी कुणावर सरसकट करत नाहीत.

झोपलेल्या पेशींचा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, असं मोजलं गेलं आहे. त्या हिशेबाने औषध चालू ठेवून तो आपोआप संपायला ७० हून अधिक वर्षं लागतील. शिवाय ग्रंथीतले ते जांभळ्या कडेचे गोल मी सांगितले ना, त्यांच्या आत मारेकरी पेशी फारशा शिरतच नाहीत, आणि तिथल्या जाळीदार पेशींच्या अंगाला विषाणू चिकटून राहतात. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसायला लागतो. त्याचे अकरा दिवस झाले आहेत. मी का घाबरले ते कळलं असेल.

‘मला काही होत नाहीये’ असं तो म्हणेल. त्याला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मुलीची गोष्ट सांगा. २०१० साली जन्मलेल्या त्या बाळाला जन्मानंतर साधारण ३० तासांत औषधं सुरू केली होती. दीड वर्षाची झाल्यावर औषधं सुटली, आणि पुढे २७ महिने तिच्या रक्तात विषाणू सापडला नाही. डॉक्टरांना वाटलं, बरी झाली. २०१४ च्या जुलैत तो परत आला. २७ महिने ज्याचा माग लागला नाही तो कुठेतरी होताच, नावासकट. आणि मोठ्या माणसांवर हा प्रयोग मुद्दाम करून झालेला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ३३ देशांतले ५४७२ रुग्ण होते. निम्म्यांची औषधं सलग चालू ठेवली, निम्म्यांची सीडी फोर चांगलं असताना थांबवायची आणि घसरलं की पुन्हा सुरू करायची. थांबवणाऱ्यांच्या गटात आजार आणि मृत्यू इतके जास्त निघाले, की २००६ च्या जानेवारीत तो प्रकार बंद करावा लागला.

मला मात्र आकड्यांपेक्षा एक माणूस आठवतो. एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं, औषधं विकतच घ्यावी लागायची. एक रिक्षावाला, तुमच्या दिराएवढाच. बायकोने मंगळसूत्र मोडून आठ महिने औषधं आणली. तो सुधारला, रिक्षा चालवू लागला, आणि पैसे संपले तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं की आता बरं आहे, थांबू. परत आला तेव्हा टीबी मेंदूपर्यंत गेला होता. त्याची बायको माझ्यासमोर बसून एकच विचारत राहिली, ‘आम्ही चुकलो का?’ मी ‘नाही’ म्हटलं, कारण त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. तुमच्या दिराच्या हातात ती गोळी फुकट, दरमहा, सन्मानाने पडते आहे. त्याला माझ्याकडून सांगा, मी हात जोडून सांगते आहे.

त्या पुडीबद्दल. तिच्यात काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही, पण एक लक्षात घ्या. डोल्यूटेग्राव्हिर हे लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम यांना चिकटतं आणि मग पोटातून रक्तात नीट उतरत नाही. भस्म घातलेल्या पुडीत यातलं काहीही असू शकतं. म्हणजे गोळी पुन्हा सुरू करून वरून पूड चालू ठेवली तरी घोळ होऊ शकतो. घरात कुणी त्याला ताकदीसाठी कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या देत असेल, पित्तावरचं पांढरं औषध देत असेल, तर तेही केंद्रावर सांगा. किती तासांचं अंतर ठेवायचं ते सांगतील. आणि त्याला कधी ‘ब’ प्रकारची कावीळ निघाली असेल तर ते आधी सांगा. याच गोळीतली दोन औषधं तो आजारही दाबून ठेवतात, आणि ती अचानक थांबली की यकृताला सूज येऊ शकते.

सासूबाईंच्या ताटाचं थोडक्यात सांगते. एवढं सगळं वाचल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल, की या विषाणूला आत शिरायला सीडी फोर असलेली जिवंत पेशी लागते. ताटावर, तांब्यावर, टॉवेलवर ती नसते. धड कातडीतून तो जात नाही. थुंकीतून, घामातून, एका ताटात जेवण्यातून, मांडीवर बसण्यातून, गालाचा पापा घेण्यातून तो पसरत नाही. तुमची मुलगी बरोबर वागते आहे. सासूबाईंना व्याख्यान देऊ नका, त्या घाबरलेल्या आहेत. तुम्ही एक दिवस त्याच्या ताटातली भाकरी मोडून खा, त्यांच्यासमोर.

चाकणला जाता-येता तो भोसरी ओलांडत असेल. तिथे एमआयडीसीत ‘नारी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, १९९२ पासूनची; राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचं आधीचं नाव. ज्या मोठ्या अभ्यासाने जगाला दाखवलं की औषध घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण जवळजवळ होतच नाही, त्यात पुणं होतं. ९ देशांतली १७६३ जोडपी. २०११ साली निकाल आला. एका जोडीदाराकडून दुसऱ्याला गेलेल्या २८ लागणींपैकी २७ औषध उशिरा सुरू केलेल्यांच्या गटात होत्या, आणि लगेच सुरू केलेल्यांच्या गटात एकच. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं : व्हायरल लोड सतत दबलेला असेल तर शरीरसंबंधातून विषाणू पुढे जात नाही. तो लग्न करू शकतो, त्याला निरोगी मुलं होऊ शकतात. मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी खरं सांगून, हे तुम्ही जाणताच. पण ही सगळी हमी गोळीची आहे. गोळी बंद असताना ती लागू होत नाही, हे त्याला आता, याच आठवड्यात, स्पष्ट सांगा.

बोलताना त्याला एकटं गाठा. सासूबाई नकोत, तुमचे यजमान असतील तर बोलणं त्यांच्याकडे नको. पुष्कळदा माणूस गोळी थांबवतो त्याचं कारण शास्त्रात नसतं. रोज रात्री ती गोळी हातात घेतली की ‘मी आजारी आहे’ हे त्याला आठवतं, आणि एकतिसाव्या वर्षी ते नकोसं होतं. कंपनीत रात्रपाळी असेल, डबा उघडताना कुणी बघेल ही धास्ती असेल. तसं असेल तर गोळी सकाळी घरी चहाबरोबर घेता येते का, ते केंद्रावर विचारा. वारीला किंवा गावी जाणार असेल तर आधी कळवलं की जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याची सोय करतात. कंपनीत कुणाला सांगायची सक्ती त्याच्यावर नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही आणि एवढ्या कारणावरून त्याला भेदभावाने नोकरीवरून काढता येत नाही. संध्याकाळी उशिरा काही विचारावंसं वाटलं तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

केंद्रावर जाताना त्याचं उपचारांच्या नोंदीचं पुस्तक, शेवटचे दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांची बाटली न्या, उरलेल्या गोळ्यांसकट; तिथे मोजतात. अकरा दिवस म्हणजे अकराच सांगायचे, चार नाही. ती पूड फेकून देऊ नका, पुडीसकट डॉक्टरांना दाखवा. आणि तिथून निघाल्यावर त्या रात्रीची गोळी त्याने तुमच्यासमोर घेतली, की मला दोन ओळी लिहा.